उठून बसला

सोलापूर, बुधवार, ४ मे १९२७

पोचलो एकदाचा! स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळच होती, पण फलाटाची फरशी बुटाच्या तळव्यातून भाजत होती. टांगेवाल्याने माझी ट्रंक उचलून विचारलं, आत दगड भरलेत का साहेब. काचा आहेत म्हटलं, जपून. पटकीच्या इस्पितळात जायचंय हे ऐकल्यावर त्याने मला अर्ध्या माळावरच उतरवलं. पुढे आलो तर घोड्याला बाधेल म्हणाला. घोड्याला! मी हसत हसत ट्रंक ओढत आलो.

हे सगळं आईसाठी. निघताना तिने वही हातात ठेवली आणि बजावलं, यज्ञू, इंग्रजीत लिहायचं नाही, मला वाचता येत नाही ते तू खरं लिहिलंस कशावरून? माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, मराठी फक्त बोलायची. तेव्हा आई, बोलतो तसंच लिहितो. आणि पाठ ताठ ठेवून लिहितोय. (खोटं. पोक काढूनच बसलोय. त्या मायक्रोस्कोपने माझी पाठ कायमची वाकवली, आता तू कितीही ओरड.)

इस्पितळ म्हणजे तट्ट्यांचे दोन लांब मांडव, एक औषधाची खोली आणि माझी पत्र्याची खोली. साथ सरली की मांडव जाळून टाकतात. मागे एक जुनी बाभूळ आहे, अख्ख्या माळावर तेवढंच मोठं झाड. खाली बाकडं. शेळ्या शेंगा खात होत्या, मी चहा प्यालो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मोठे डॉक्टर मुकुंदराव पन्नाशीचे, चिडके, पण मनाने चांगले असावेत. मला बघून म्हणाले, आला का मुंबईचा उत्साह, बघू उन्हात किती टिकतो. कंपाउंडर चन्नप्पा तिशीतला, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत घसरतो. त्याला चहाला झाडाखाली बोलावलं तर आला नाही. तिथे आम्ही बसत नाही, म्हणाला. काटे असतील.

शुक्रवार, ६ मे

आई, हे पान जेवणाआधी वाचू नकोस.

मांडवातल्या खाटांना मध्ये भोक आणि भोकाखाली बादली. पेशंट उठू शकत नाही, म्हणून ही सोय. बादलीत पडतं ते तांदळाच्या धुवणासारखं, वर पांढरे कण, वास कच्च्या मासळीचा. दिवसभर टिपटिप, टिपटिप, दोन्ही बाजूंनी. फिनाइल ओतलं की दोन वास एक होतात आणि तिसराच तयार होतो, तो जिभेला लागतो. दुपारची पोळी मला तशी लागली.

माणूस आटतो, दुसरा शब्द नाही. सकाळी धडधाकट आलेला विणकर संध्याकाळी म्हातारा दिसतो. डोळे खोबणीत जातात, बोटांची कातडी सुरकुतते, आणि घसा बसतो. इतका बसतो की माणूस तोंड उघडतो, ओठ हलवतो, नुसती हवा बाहेर येते. बायका कान लावून ऐकतात आणि अंदाजाने हो हो म्हणतात.

म्हणून पाणी शिरेत घालायचं. कोपराशी कातडी कापून शीर काढायची, चांदीची नळी आत सारून दोऱ्याने बांधायची आणि वर फ्लास्क धरायचा. पण कोणतं पाणी? आमच्याकडे तीन फ्लास्क असतात. एकात साधं सलाईन, दुसऱ्यात जास्त मिठाचं दाट सलाईन, आणि लघवी बंद झाली की सोड्याचं. कोणतं आणि किती ते ठरवायला रक्त बघायचं. ग्लिसरीन आणि पाणी मिसळून वेगवेगळ्या घनतेच्या बाटल्या केल्यात, त्यांत रक्ताचा थेंब सोडायचा. कुठल्या बाटलीत बुडतो त्यावरून रक्त किती घट्ट झालंय कळतं. इथलं रक्त काकवीसारखं आहे. मला हे काम फार आवडलं. वास सोडून.

सोमवार, ९ मे

आज मुकुंदरावांशी वाद घातला. गोष्ट अशी की मीठपाणी शिरेत राहत नाही. घातलं की नाडी येते, चेहरा भरतो, बायको पाया पडते, आणि थोड्या वेळाने तेच पाणी खालच्या बादलीत. लढाईत गोऱ्या डॉक्टरांनी रक्त गेलेल्या सोल्जरांना डिंक घातलेलं सलाईन दिलं होतं. डिंकामुळे पाणी शिरेत धरून राहतं. मी ते वाचलंय, कॉलेजात कुत्र्यावर पाहिलंय, आणि म्हणून डिंकाची बरणी बरोबर घेऊन आलोय.

मुकुंदरावांनी बरणी उघडून वास घेतला आणि विचारलं, हे शिरेत घालायचं की पाकिटाला लावायचं? चन्नप्पा हसला. पण नको म्हणाले नाहीत. पाणी गाळायची तांब्याची भट्टी अधूनमधून गळते, गाळलेलं पाणी पुरत नाही, आणि डिंकाचं सलाईन थोडं घातलं तरी पुरतं. तो मुद्दा त्यांना पटला.

बरणी संपली. दोघे बरे झाले, एकाला हुडहुडी भरून तो गेला. ठीक. फार ग्रेट नाही. मुंबईला आणखी डिंक मागवलाय, पण तो येईपर्यंत साथ थांबणार आहे का?

गुरुवार, १२ मे

आई, आज माझ्या हातून एक माणूस उठून बसला!

काल केराबाई नावाच्या धनगरणीने नवऱ्याला खांद्यावर टाकून आणलं. तात्याबा त्याचं नाव. माळशिरसकडून मेंढरं घेऊन आलेली माणसं, ह्याच माळावर वाडा टाकून आहेत. तात्याबाला दाट सलाईन दिलं, नाडी आली, गेली. परत दिलं, परत गेली. सकाळी त्याला हाक मारली तर डोळ्यावर बसलेली माशी हलली, तो हलला नाही.

केराबाई ओच्यात काहीतरी बांधून होती. पैसा न्हाई डॉक्टर, हे घ्या, बाजारात इकनार हुते, म्हणाली आणि सोडलं. डिंक! बाभळीचा डिंक, मधासारखा लाल, सुपारीएवढे खडे. मी उडालोच. विचारलं कुठला, तर म्हणाली हितलाच की, शेरडं चारताना काढते. शिरेत घालतो म्हटल्यावर तिने हनुवटीला बोट लावलं. बाळंतिणीला लाडवात घालत्यात हे ठावं हाय, म्हणाली, पर बाप्याच्या शिरंत? लाडू शिरंतनं देताय व्हय!

धुतला, विरघळवला, उकळला, मलमलीतून गाळला, परत उकळला. उकळताना मासळीचा वास आला. माझ्या नाकातच तो बसलाय, दुसरं काय.

फ्लास्क अर्धा व्हायच्या आत तात्याबाने डोळे उघडले. आणि मग कुणी हात न देता उठून बसला. मांडी घालून, पाठ सरळ, हात मांडीवर. केराबाई ओरडली, उठून बसला की वं माझा धनी! सगळा मांडव बघत होता. मुकुंदरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तात्याबाच्या कागदावर मीच लिहिलं: पेशंट उठून बसला.

शनिवार, १४ मे

भट्टीला तडा गेला. दुरुस्त होईपर्यंत गाळलेलं पाणी औषधाच्या दुकानातून विकत, तेही थोडंसंच. मुकुंदरावांनी ठरवलं, ज्याची नाडी गेली त्याला डिंक. माझी योजना! केराबाई टोपलीभर आणते.

आणि सगळे उठून बसतात. एक विणकरीण, एक हमाल, एक शाळामास्तर. बादल्या कोरड्या! जुलाब बंद, उलटी बंद. मांडवात टिपटिप थांबली ह्याचं सुख तुला कळायचं नाही.

एकच. शीर बांधलेल्या जागेवर डिंकाचा थेंब येतो. पुसला की परत येतो. तात्याबाच्या कोपरावर आज बोराएवढा झाला होता. चिमट्याने काढला तर मऊ आणि कोमट होता. मी हात धुतले. परत धुतले.

मंगळवार, १७ मे

ते आडवे होत नाहीत.

हे आधीच लिहायला हवं होतं, पण आम्हा सगळ्यांना आनंदच झाला होता. पेशंट उठून बसला म्हटल्यावर त्याला कोण झोपायला सांगतं? तात्याबा त्या दिवशी बसला तो बसलाच आहे. सगळे तसेच, मांडी घालून, ओळीने, भोकाच्या खाटांवर, खाली कोरड्या बादल्या. लघवीचाही थेंब नाही. सोड्याचं सलाईन द्यावं तर शिरेत जातच नाही, नळी काढली की तोंडाशी बूच बसल्यासारखं.

बोलत नाहीत, नुसते समोर बघतात. केराबाई भाकरी कुस्करून भरवते. तात्याबाच्या तोंडात घास राहतो. आज मी त्याचा जबडा उघडून पाहिला. पाच दिवसांचे सगळे घास आतच होते, टाळ्याला, दाढांना, एकावर एक चिकटलेले, वर बुरशी, आणि सगळ्यावर चकचकीत थर. वास मासळीचा. मी मांडवाबाहेर जाऊन ओकलो.

माश्या त्यांच्या अंगावर बसतात त्या उडत नाहीत. पाय हलवत राहतात.

दुपारी मास्तरांचं रक्त बघितलं. थेंब बाटलीत सोडला. बुडाला नाही, तरंगला नाही, सुईपासून सुटलाच नाही. सुई वर नेली तशी तार लांबत गेली, लाल, बारीक, हातभर. तुटेना. शेवटी कात्रीने कापली आणि कात्री चिकटली.

बुधवार, १८ मे

मुकुंदरावांना सांगितलं की हे थांबवू. त्यांनी मांडवाकडे हात केला. ह्यांतला एकही मेला नाही, म्हणाले, मागच्या साथीत मी रोज गाडी भरून पाठवत होतो, तेव्हा तू कुठे होतास? आणि पाण्याचं काय करू? तुझा डिंक, तुझं डोकं, आता तूच नाक मुरडतोस.

त्यांच्या मिशीला भाताचं शीत चिकटलं होतं. मला ते बघवेना.

तात्याबा आज बोलला. घसा बसलेलाच, पण शब्द कळला: कुंद्रसरी. परत परत तेच. केराबाईला विचारलं, कुंदर कोण? तिने कपाळाला हात लावला. आमच्यात कुंदर म्हनून कुनी न्हाई, म्हणाली, आन् ह्यो असा सरळ कधी बसत नव्हता वं डॉक्टर, ह्येचं गुडघं दुखायचं, ह्यो उकिडवा बसायचा. ह्यो माझा नवरा न्हाई.

मी तिला समजावलं की ताप डोक्यात जातो. ताप मोजायला त्याच्या काखेत थर्मामीटर घातलं. ते अजून तिथेच आहे. निघत नाही.

गुरुवार, १९ मे

आज आडवं करायचं ठरवलं. केराबाईनेच हट्ट धरला. म्हणाली, मरंना का, पर त्येला आडवा करा. चन्नप्पा पाय धरायला आला.

मी तात्याबाच्या छातीला हात लावून मागे रेटलं. पाठीतून कडकड आवाज आला, वाळलेला खडा दाढेखाली फुटतो तसा. टेकला एकदाचा. मी हात काढायला गेलो आणि हात निघेना. जोर केला. त्याच्या छातीची कातडी दुधावरच्या सायीसारखी माझ्या तळव्यांबरोबर उचलून आली, खाली रक्त नाही, मांस नाही, लाल, पारदर्शक, आत माश्या. खूप आत. आणि तो परत उठून बसला. सावकाश. राग नाही, वेदना नाही.

कुंद्रसरी, म्हणाला.

चन्नप्पाने पाय सोडले. तो इतका पांढरा पडला की विभूती दिसेना. मला म्हणाला, साहेब, हे कानडी आहे. आम्हाला बसवा, म्हणतोय.

तात्याबाला कानडीचा एक शब्द येत नाही, केराबाई शपथेवर सांगते. चन्नप्पाने त्याला कानडीत काहीतरी विचारलं. तात्याबाने माळाकडे, बाभळीकडे मान वळवली. इन्नू मंदि अदार. मी चन्नप्पाकडे बघितलं. अजून माणसं आहेत, तो म्हणाला.

मग विचारलं त्याने मला, डिंक कुठला? मी केराबाईकडे बघितलं. तिने नुसतं बोट केलं. माझं बाकडं. माझा चहा.

शुक्रवार, २० मे

चन्नप्पाने सांगितलं ते असं. छप्पनच्या दुष्काळात, सत्तावीस वर्षांपूर्वी, ह्या माळावर खडी फोडायचं काम काढलं होतं. हजारो माणसं आली, अक्कलकोटकडची कानडी माणसंही. त्यांत पटकी शिरली. मुडदे इतके झाले की एक मोठा खड्डा घेतला आणि गाडीतून ओतले. आमच्यात माणसाला झोपवून पुरत नाहीत साहेब, बसवतात, म्हणाला. खड्ड्यात मांडी घालून, हातात लिंग देऊन, तोंड पुढे करून बसवतात. ती सगळी आडवी टाकली, एकमेकांच्या अंगावर. माझे अज्जाही, आजोबा. मी त्यांच्या खांद्यावर बसून कामावर यायचो. बाभूळ नंतर आली.

मी विचारलं, आधी का नाही बोललास. तो म्हणाला, तुम्ही डिंक बाजारचा आणता असं वाटलं.

भर दुपारी झाडापाशी गेलो. केराबाईच्या कोयत्याचे घाव खोडावर, प्रत्येक घावाला लाल गोळा लोंबतोय. एक तोडून उन्हाला धरला. आत केस. लांब, पांढरे, गुंडाळलेले. दुसऱ्यात काहीतरी चपटं, पिवळट. नख. मी ते मलमलीतून गाळलं होतं, आई. उकळून, गाळून. गाळलं की आपल्याला वाटतं स्वच्छ झालं.

उरलेली टोपली चुन्यात ओतली. मुकुंदरावांना सगळं सांगितलं. शिकलेला माणूस आहेस, म्हणाले, आणि नवा डिंक आणायला माणूस पाठवला.

रविवार, २२ मे

केराबाई गेली. तात्याबाच्या समोर उभी राहिली, दगडावर बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. जित्या नवऱ्यासमोर काय करतेस म्हणून बायका ओरडल्या. त्यांना म्हणाली, ह्यो जिता असंल तर मी रांडव बरी. मला म्हणाली, तुमचा दोस न्हाई डॉक्टर, तुमी लाडूच दिला. मेंढरं हाकत निघून गेली. तात्याबा बघत होता. डोळे मिटत नाहीत त्याचे. पापण्या चिकटल्यात, उघड्या.

डिंक आता चन्नप्पा काढतो.

मंगळवार, २४ मे

चन्नप्पाला मी वेडा समजत होतो. तो नुसता शोधतोय. जो नवा पेशंट उठून बसतो त्याच्यासमोर गुडघे टेकतो आणि विचारतो, अज्जा? उत्तर आलं नाही की पुढच्यासाठी फ्लास्क भरतो. मी त्याच्या हातून फ्लास्क हिसकावला, जमिनीवर आपटला. तो रडायला लागला. अजून माणसं आहेत साहेब, कुठेतरी असतील, सगळ्यात खाली असतील, म्हणाला.

सगळ्यात खाली. आई, मला त्याचा राग येत नाही. किळस येते. त्याची नाही. त्याच्या बोटांची. बोटं एकमेकांना चिकटून पंजा झालाय त्याचा.

मी आता माझं सलाईन स्वतः करतो, मीठ आणि पाणी, दारू गाळायच्या मडक्याने गाळून. थोडंच होतं. दोघांना देता आलं. एक गेला. आडवा गेला, डोळे मिटून, त्याच्या आईच्या मांडीवर. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

शुक्रवार, २७ मे

फळकुटं, चटया, भिंत, सगळं चिकट. पाण्याचा पेला उचलला तर टेबल उचललं गेलं. जेवत नाही. पाणी झाडाशेजारच्या विहिरीचं आहे, उकळूनही प्यावंसं वाटत नाही. प्यालो. तहान.

बसलेले आता दोन्ही मांडवांत. एकाच वेळी म्हणतात. कुंद्रसरी. हळू. पारायणासारखं.

शनिवार, २८ मे

पहाटेपासून ढाळ. उलटी. पाण्यासारखी, मग धुवणासारखी—

मला माहीत आहे ते काय आहे.

मुकुंदरावांना चिठ्ठी लिहिली. फक्त साधं सलाईन. माझ्या खोलीतली बाटली, निळं बूच. डिंक नको. डिंक नको. खाली सही.

शनिवार, दुपार

भोकाची खाट. टिपटिप माझीच. वास माझाच. मासळी—

पाय वळतात, गोळे. बोटं सुरकुतली. नाडी मीच धरून बघतो, दोऱ्यासारखी, मग—

मुकुंदराव आले. काळजीत. खरंच काळजीत, चिठ्ठी हातात. म्हणाले की निळ्या बुचाची बाटली रिकामी आहे. चन्नप्पाने सांडली म्हणे. घाबरू नको पोरा, म्हणाले, तुझ्याच औषधाने उठून बसशील.

मी नको म्हटलं. ओठ हलवले. घसा बसलाय. नुसती हवा. मुकुंदराव कान लावून ऐकतात आणि हो हो म्हणतात—

नको लिहिलं कागदावर. ते तोवर गेले—

चन्नप्पा आला. फ्लास्क लाल. कोपराशी गार वाटलं, पाती. दोरा. मला धरायला माझ्या डाव्या हाताची बोटं त्याच्या पंजात. चिकटली. मी उजव्याने लिहितोय. आडवा आहे. आई, मी आडवा आहे हे लक्षात ठेव—

कोमट. दंडातून वर. गोड. जिभेवर मासळी—

खालून कुणीतरी रेटतंय. माझ्या खालून नाही. माझ्यात, खालून. एकाच्या अंगावर एक—

टिपटिप थांबली.

बरं वाटतंय. हात हलका. अक्षर बघ किती छान येतंय. आई, तू म्हणायचीस ना पोक काढू नकोस. पाठ आता सरळ होतेय, कडकड, आपोआप, मी काही करत नाही. मांडी घातली गेली. ताठ बसलोय बघ आई. अगदी ताठ.

चन्नप्पा गुडघ्यावर. विचारतोय, अज्जा?

नाही म्हणायचंय. मी यज्ञेश्वर. यज्ञू. मान हलवायची, डावीकडे, उजवीकडे, नाही, एवढंच. मान खाली वर होतेय. किती उंच झालं हे पोर. खांद्यावर बसायचं. चन्नू—